झांज खंय गेली

स्पीकरचं मागचं झाकण उघडलं तेव्हा आत पालीची अंडी निघाली. त्यांतलं एक फुटलेलं होतं. म्हणजे निदान एक पाल तरी आमच्या घरात जन्मापासून भजन ऐकत वाढली होती. दुसऱ्या स्पीकरात अंडी नव्हती. नुसती धूळ होती, आणि तळाच्या फळीवर खाऱ्या हवेनं हिरवे पडलेले काही सुटे भाग.

बाबांनी चष्मा पुसून आत पाहिलं.

"हेंनीच खाल्ली," ते म्हणाले.

"काय?"

"माझी झांज."

बाबा, म्हणजे भिकाजी, गावच्या भजनात चाळीस वर्षं झांज वाजवत होते. हे स्पीकर त्यांनी बोटीवर नोकरीला असताना आणले. त्या भजनाची एकच टेप आहे. आता ती पेनड्राइव्हवर आहे. तीत वारलेल्या बुवांचा आवाज आहे, परशुरामकाकांचा पखवाज आहे आणि बाबांची झांज आहे. गेल्या पावसाळ्यापासून बाबांना बुवा ऐकू येत, पखवाज ऐकू येई, झांज येत नसे. भजन संपलं की ते स्पीकरकडे पाहून एकच विचारत, "झांज खंय गेली?"

कणकवलीच्या डॉक्टरांनी त्यांना काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि आमच्या सगळ्यांसमोर, मोठ्यानं, स्पष्ट सांगितलं. दोन्ही कानांतले बारीक आवाज गेलेत. ते परत येणार नाहीत. मशीन लावलं तर बोलणं जरा बरं कळेल.

बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "डॉक्टर, तुमी आमची भजना आयकलास काय?"

"नाही."

"मगे झांज खंय गेली ता तुमका कसा कळतला?"

थोडक्यात, दोष एकतर कानांत होता किंवा स्पीकरांत. कान डॉक्टरांच्या अखत्यारीत. स्पीकरसाठी लागणारा स्क्रू ड्रायव्हर माझ्याकडे होता. मी पतसंस्थेच्या कट्टा गावातल्या शाखेचा शाखाधिकारी आहे, कर्ज कोणाला द्यायचं नाही हे मला चांगलं कळतं, तेव्हा हेही जमेल असं मला वाटलं.

स्पीकरात आत क्रॉसओव्हर नावाची एक फळी असते. ती येणारा आवाज फोडते. जाड आवाज मोठ्या पडद्याकडे, बारीक आवाज वरच्या छोट्या घुमटाकडे. पखवाज खाली, झांज वर. त्या फळीवरचे कपॅसिटर म्हातारे झाले की वरच्या घुमटाला नीट काही पोचत नाही. पुढची हकिगत मी तशीच फोडून लिहितो. मिसळ झालीच तर तो माझ्या सोल्डरिंगचा दोष.

जाड

पडवीत टेबल मांडून मी दोन्ही स्पीकर पालथे घातले. शेजारच्या जानकीकाकी कुंपणाशी आल्या.

"काय गो अनुजा, कोणाचा पोस्टमार्टम?"

"भजनाचा," माझी बायको म्हणाली.

"घो तुझो डॉक्टर कधी झालो?"

"रविवारी होता. सोमवारी परत बँकेत जाता."

पतसंस्था आणि बँक यांत फरक आहे, हे मी अनुजाला लग्नापासून सांगत आलो आहे. असो.

काकींनी आत कापूर ठेवायला सांगितलं. परशुरामकाका आले, त्यांनी स्पीकरच्या मोठ्या पडद्यावर बोटांनी टिचकी मारली, कान लावला आणि मान हलवली. "कणीक सुकली हेची."

"काका, स्पीकराला कणीक नसते."

"म्हणानच आवाज नाय."

पखवाजाच्या डाव्या पुडीला वाजवण्याआधी ओली कणीक थापतात, त्यानं आवाज भरदार होतो. काकांनी साठ वर्षं हेच केलं. सोमवारी मी शाखेतून आलो तर दोन्ही स्पीकरांच्या मोठ्या पडद्यांवर मधोमध कणकेची चकती. बाबांनी भिजवली, काकांनी थापली. त्यावर मुंग्या.  जुना टूथब्रश आणि कोमट पाणी घेऊन संध्याकाळपर्यंत ती सोडवत बसलो, आणि परशुरामकाका समोर बसून म्हणत राहिले, "वायच घाय केलंस. आणि एक दिस ठेवतंस तर फरक पडतो."

फोनवर जुन्या स्पीकरवाल्यांचा एक गट आहे. त्यावर मी फळीचा फोटो टाकला. तिथले वडीलधारे सांगलीचे एक निवृत्त अभियंता. त्यांनी फक्त एवढंच लिहिलं, "मेलेले आहेत." खाली लोकांनी हात जोडलेली चित्रं टाकली. कपॅसिटरना एवढी श्रद्धांजली मी पहिल्यांदाच पाहत होतो. मग कोणते नवीन घालावेत यावर त्यांची आपसांत भांडणं झाली, दोघे गट सोडून गेले, आणि मी पुण्याच्या एका दुकानातून भारी फिल्म कपॅसिटर मागवले.

बारीक

डॉक्टर खरं बोलत होते हे मला माहीत होतं.

अनुजालाही माहीत होतं. ती एवढंच म्हणाली, "तुमी करा. तेंका बरा वाटता तुमी करतास ता."

जाड

आणि मग देवानं कौल दिला. गावपळण.

बाहेरच्यांसाठी सांगतो. आमच्या भागात काही गावं दर काही वर्षांनी देवाच्या हुकमानं रिकामी होतात. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी वेशीपलीकडे. तीन दिवस, तीन रात्री नारळाच्या झापांच्या खोपींत राहायचं. गावात माणसाचा आवाज म्हणून उरता कामा नये. मग परत यायला पुन्हा कौल घ्यायचा. देवानं दिला तर आत, नाही तर मुक्काम वाढला. शाळा बंद, दुकान बंद, कोणाची तक्रार नाही. उलट सगळे खूश. सहलच असते.

माझे कपॅसिटर मात्र तेव्हा कणकवलीत कुरियरच्या ऑफिसात येऊन पडले होते. घरी येईनात म्हणून मी फोन केला. पलीकडचा मुलगा शुद्ध मराठीत म्हणाला, "सर, तुमचं पार्सल परत पाठवायला काढलंय. शेरा आहे, ग्राहक गाव सोडून गेले."

"कोण गेलं?"

"सगळेच. संपूर्ण गाव, असं लिहिलंय."

मी रजा टाकून एसटीनं कणकवलीला गेलो. काउंटरवरच्या साहेबांना म्हटलं, "गाव शनिवारी सुटणार आहे. आज बुधवार. मी आज गावातच आहे."

"आत्ता तर तुम्ही कणकवलीत आहात," ते म्हणाले.

"पार्सल घ्यायला आलोय."

"ओळखपत्र?"

दिलं. त्यांनी पत्ता वाचला, मग संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं. "हा तर बंद गावाचा पत्ता आहे. चालू पत्त्याचा पुरावा आहे का?"

"वेशीबाहेरच्या खोपीचा?"

"जिथे राहता तिथला."

मी पतसंस्थेचं ओळखपत्र काढलं. पंचवीस वर्षं मी लोकांकडे चालू पत्त्याचा पुरावा मागत आलो आहे. त्यांची तोंडं कशी व्हायची ते मला एकेक करून आठवलं. शेवटी साहेबांना दया आली की जेवणाची वेळ झाली, कोण जाणे. खोका सरकवत म्हणाले, "काय असतं हो हे गावपळण? भुतंबितं?"

"नाही. शांतता असते."

"मज्जा आहे," ते म्हणाले, आणि मागे टीव्हीवर क्रिकेट सुरू होतं त्याचा आवाज वाढवला.

घरी येऊन खोका उघडला. जुने कपॅसिटर करंगळीएवढे होते. नवे बटाट्याएवढे. ते त्या फळीवर बसेनात, फळी त्या पेटीत बसेना, झाकण लागेना. गटावर विचारलं. सांगलीकरांचं उत्तर आलं, "क्रॉसओव्हर बाहेर काढा. मोठे लोक बाहेरच ठेवतात." माळ्यावर हापूसच्या रिकाम्या लाकडी पेट्या होत्या. त्यांतल्या दोन मी पुसून घेतल्या, त्यांच्यात सगळं सोल्डर केलं आणि वायरी स्पीकरात सोडल्या. दोनदा बोट भाजलं. एकदा उलटं जोडलं गेलं, तेव्हा बुवांचा आवाज माझ्या पाठीमागून, स्वयंपाकघरातून आल्यासारखा आला. अनुजा दचकली. बुवा वारले त्याला बरीच वर्षं झाली आहेत.

जानकीकाकी वळकटी बांधता बांधता पाहून गेल्या. "आंब्याचो मोसम नाय आणि पेटये भरतंस? खंयच्या मार्केटाक?"

बारीक

शनिवारी सकाळी, गाडीत सामान भरून झाल्यावर, मी बाबांना खुर्चीवर बसवलं आणि भजन लावलं.

झांज आली. मला माझ्या आयुष्यात अशी झांज ऐकल्याचं आठवत नाही. दाढेत लागली. प्रत्येक ठोक्यानंतर पितळ हवेत थरथरत राही, ते विरेपर्यंत कळत होतं. अनुजा हातात भाजीची पिशवी घेऊन दारातच थांबली.

बाबा पुढे झुकले. डोळे मिटले. पहिला गजर संपला तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. मला त्यांचा पुढचा प्रश्न माहीत होता. त्यांनी विचारण्याआधीच मी बोललो.

"कपॅसिटर अजून कच्चे आहेत, बाबा. शंभर तास वाजले की आवाज उघडतो. गटावर सगळे तसंच सांगतात."

हे खोटं नव्हतं. गटावर खरंच तसं सांगतात.

बाबांच्या चेहऱ्यावर जो प्रकाश पडला तो मला बघवला नाही. "म्हणजे आडी घालूक होयी," ते म्हणाले. "आंबो पेंढ्यात ठेवतंव तसा."

"तसंच."

"मगे चालूच ठेव. गाव मोकळो. कोणाक तरास नाय."

गाव मोकळो. मी शाखाधिकारी आहे, माझ्या हाताखाली माणसं आहेत, तरी मला त्या क्षणी एवढंच सुचलं की आवाज अगदी लहान ठेवावा. तसा ठेवला, भजन पुन्हा पुन्हा लागेल असं केलं, दाराला कुलूप लावलं आणि मेन स्विच न काढता गाव सोडलं. गावातल्या बाकी सगळ्या घरांचे मेन स्विच काढलेले होते. ही गोष्ट नंतर बऱ्याच जणांनी मला सांगितली.

जाड

आमचं घर गावाच्या टोकाला, वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, अलीकडे. खोपी वहाळाच्या पलीकडे. मध्ये कापणी झालेले मळे. पहिला दिवस चुली पेटवण्यात, फुगड्यांत आणि पत्त्यांत गेला. खोपींतच पोरांनी एवढा गोंगाट केला की पलीकडे काही वाजत असतं तरी कळलं नसतं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली, लोक झापांच्या सावलीला आडवे झाले. गुरं बसली. शांतता पसरली, आणि मळ्यावरून भजन आलं.

मोठ्यानं आलं. त्यातली मेख मला लगेच कळली. माझा अ‍ॅम्प्लिफायर वीज गेली की आपलं सगळं विसरतो, आणि आली की स्वतःच्या मूळ, मोठ्या आवाजात, पहिल्यापासून सुरू होतो. वीज गेली होती. आता आली होती.

जानकीकाकी उठून बसल्या. हात जोडले. "देव भजन करतत."

कोणी हसलं नाही. बायका उठल्या, पुरुष उठले, पोरांना गप्प केलं. रिकाम्या गावातून गजर येत होता, आणि सगळा गाव वहाळाच्या काठाला उभा राहून ऐकत होता. मीही हात जोडले. मनात हिशेब केला की कोणी काही बोललं नाही तर देवांच्या नावावर हे खपून जाईल. आमच्या देवाकडे मी आजवर काही मागितलं नव्हतं.

पण परशुरामकाका पुढे आले, कानामागे हात धरला.

"देव नाय ता. पखवाज माझो."

"उगी रे," काकी म्हणाल्या.

"माझो. कणीक जास्ती झालेली त्या दिसा, आयक कसो बोदो वाजता. आणि झांज भिकाजीची. अशी दुसऱ्याची नाय."

सगळे वळले. आधी बाबांकडे, मग माझ्याकडे.

पुढच्या अर्ध्या तासात मला जे ऐकावं लागलं ते मी थोडक्यात देतो. देवाचे मानकरी बसले. प्रश्न असा पडला की गावात माणसाचा आवाज उरला की नाही. एकजण म्हणाला, आवाज आसा पण माणूस नाय. दुसरा म्हणाला, बुवा तर वारले, म्हणजे निदान त्यांचा आवाज माणसाचा धरता येणार नाही. तिसऱ्यानं विचारलं, "आणि भिकाजी? तो तर हंय बसलोहा. मगे तो गावात आसा की भायर?"  मी आत जाऊन बंद करून येतो म्हटलं, तर सगळे एकदम नको म्हणाले. आवाज एकवेळ चालेल, पण शाखाधिकारी चालणार नाही. देवाला कौलाच्या वेळी विचारू, असं ठरलं. जानकीकाकी जाता जाता अनुजाला म्हणाल्या, "तुझो घो बँकेतच बरो होतो गो."

"पतसंस्था," मी म्हटलं. कोणी ऐकलं नाही.

वीज गेली, भजन थांबलं. वीज आली, बुवांनी पुन्हा पहिल्यापासून गजर धरला. आमच्याकडे वीज कशी असते हे सगळ्यांना माहीत आहे. त्या दुपारी ते भजन एकदाही शेवटापर्यंत पोचलं नाही.

दोन्ही

बाबा एका ओंडक्यावर बसले होते. एवढा गाव त्यांच्या झांजेबद्दल बोलत होता आणि ते प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत होते. मी जवळ जाऊन बसलो.

"काय झाला?" त्यांनी विचारलं.

"भजन ऐकू येतंय. घरातून."

"हयसर?"

"हो."

ते मळ्याकडे पाहत राहिले. वाऱ्यानं भाताचे खुंट हलत होते. वहाळाच्या काठाला माणसं उभी होती, काहींची मान ठेक्यावर हलत होती. एक लहान मुलगी टाळ्या वाजवत होती, आणि तिची टाळी बरोबर झांजेवर पडत होती.

"बुवा येतत?" बाबा म्हणाले.

"येतायत."

"आणि झांज?"

मी कच्चे कपॅसिटर, शंभर तास वगैरे पुन्हा म्हणू शकलो असतो. पण सगळा गाव समोर उभा होता. वहाळापलीकडून, बंद दारातून, त्या आंब्याच्या पेट्यांतून येणारी झांज जानकीकाकींना ऐकू येत होती, आणि त्या बाबांपेक्षा फार लहान नाहीत.

"येतेय," मी म्हटलं.

"सगळ्यांका?"

"हो, बाबा."

 त्यांनी उजव्या कानाची पाळी धरली, जरा ओढली, सोडून दिली.

"मगे स्पीकर बरे झाले," ते म्हणाले.

"झाले."

"बरा काम केलंस."

मला शाखेत दोनदा उत्कृष्ट वसुलीचं प्रशस्तिपत्र मिळालं आहे. या कामाबद्दल कोणी शाबासकी दिली नसती तर बरं झालं असतं.

परशुरामकाका येऊन त्यांच्या दुसऱ्या बाजूला टेकले. बाबांनी त्यांना कोपरानं ढोसलं. "काय रे परशा, खंय पोचला?"

"दुसरो गजर."

"थंय मी चुकलंय काय?"

"चुकलंस."

"व्हय. थंय मी घाय केलंय. बुवा माझ्यार डोळे काढी होते."

"भजन सोपल्यार गाळी पण घातल्यान."

"तुकाच घातल्यान. माका नाय."

दोघे हसले. मग काकांनी आपला हात बाबांच्या गुडघ्यावर ठेवला आणि पखवाजाचा ठेका धरला, पलीकडून येत होता तसाच. बाबांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं त्यांचे दोन्ही हात वर आले, छातीसमोर, जणू दोऱ्या बोटांना गुंडाळलेल्या आहेत. आणि ते वाजवायला लागले. हातात काही नव्हतं. मी पलीकडून येणारी झांज ऐकत होतो आणि त्यांचे हात पाहत होतो, आणि दोन्ही कुठेही मागेपुढे होत नव्हतं. एक उतावळी जागा आली, तिथे हातही उतावळे झाले.

काठावरची माणसं हळूहळू वळून बघायला लागली. मानकरीही. 

ठेका चढला. आता गजर उंच जाणार, सगळे बुवांच्या मागे ओरडणार, झांजेची लय दुप्पट होणार. पोरांनाही कळलं होतं, ती पुढे सरकली.

तेवढ्यात वीज गेली.

मळ्यावर एकदम काही उरलं नाही. गुरांच्या गळ्यातली एखादी घंटा, बस. परशुरामकाकांचा हात बाबांच्या गुडघ्यावर क्षणभर अडला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नुसता बसून राहिलो. मग काकांनी मान खाली घातली आणि ठेका पुन्हा धरला, आता स्वतःच्याच आठवणीनं.

बाबांचे हात मध्ये कुठेच थांबले नव्हते. ते दुप्पट झाले होते.